ठाण्यातील एका सरकारी चाचणी केंद्राचा अनुभव

देहविक्रय करणाऱ्या दोन मैत्रिणींसोबत मी ठाण्यातील एका सरकारी समुपदेशन व चाचणी केंद्रात गेले, तेव्हा एचआयव्हीची चाचणी मोफत झाली आणि २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याप्रमाणे आधी संमतीही घेण्यात आली. गिऱ्हाईक जादा पैसे देऊ करून निरोध नाकारू लागले तर काय बोलावे, खोबरेल तेलाने निरोधाचे लॅटेक्स (रबर) कसे कमकुवत होते, आणि निरोध फाटल्यास ७२ तासांच्या आत प्रतिबंधक औषध का सुरू करावे लागते, हे समुपदेशक ताईंनी न लाजता, न लाजवता समजावले. नावे मात्र भरल्या रांगेत मोठ्याने पुकारण्यात आली. गोपनीयता दारातच सांडली म्हणायची! मोफत निरोधांचा डबाही त्या दिवशी रिकामाच होता.