पुढे आलेले खांदे: पाठीचा पट्टा की भिंतीचा व्यायाम?

पुढे आलेल्या खांद्यांसाठी दोन उपाय नेहमी सुचवले जातात: खांदे मागे खेचून धरणारा पाठीचा पट्टा, किंवा खांद्याच्या पात्यांभोवतीच्या स्नायूंचा व्यायाम. सोलापुरात गणवेशाच्या कारखान्यात कापड बेतण्याचे माझे काम असल्याने दिवसाचा मोठा भाग टेबलावर वाकण्यात जातो, आणि मी दोन्ही उपाय करून पाहिले आहेत.

पट्ट्याचा गुण खरा आहे. तो बांधताच खांदे मागे येतात, आणि पोक आले की ताण बसून आठवण होते.

मला तो नकोसा झाला वरच्या फळीवरचे तागे काढताना. हात सरळ वर, म्हणजे सुमारे 180 अंशांपर्यंत, न्यायचा तर त्यातले साधारण 60 अंश पात्याच्या फिरण्यातून येतात. त्यासाठी पाते बरगड्यांवरून बाहेर आणि वर सरकावे लागते. नेमके तेव्हाच पट्टा त्याला मागे ओढतो, आणि ती ओढाताण काखेत उतरते. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात घामाने भिजलेली पट्टी प्रत्येक ताग्यागणिक काखेत त्याच जागी घासत असे, कातडी लाल होऊन चुरचुरत असे. दुपारनंतर पट्टा सैल करावाच लागे, आणि सैल पट्ट्याचा उपयोग तो काय!

व्यायामाने याच फिरण्याला बळ मिळते. खांदे पुढे आलेल्यांमध्ये बहुधा छातीतला पेक्टोरालिस मायनर हा स्नायू आखडलेला असतो, मानेपासून पाठीच्या मध्यापर्यंत पसरलेल्या ट्रॅपेझियस स्नायूचा मानेलगतचा वरचा भाग जास्त राबतो, आणि पात्याला वर फिरवणारे बरगड्यांवरचा सेरेटस अँटिरियर व ट्रॅपेझियसचा खालचा भाग मागे पडतात. भिंतीला तळहात टेकून, कोपर न वाकवता, छाती आधी भिंतीकडे सैल सोडावी आणि मग मागे ढकलावी. काखेखाली बरगड्यांवर सेरेटस ताठरलेला हाताला लागतो. पालथे पडून दोन्ही हात डोक्यापलीकडे तिरके उचलले की खालचा ट्रॅपेझियस पाठीच्या मध्यावर जाणवतो. खांदे कानांकडे चढू लागले, तर वरचाच भाग काम ओढून घेतो आहे असे समजून हात खाली घ्यावेत.

व्यायामाचा गुण उशिरा येतो, हे मान्य केलेच पाहिजे. हाताला मुंग्या येत असतील किंवा बधिरपणा असेल, तर दोन्हींआधी डॉक्टरांना दाखवावे. ज्यांचे काम केवळ बैठे आहे, त्यांनी आठवणीपुरता थोडा वेळ पट्टा बांधायला कदाचित हरकत नसावी. कामात हात सारखा वर जात असेल, तर मात्र पट्ट्यावर पैसे घालण्याआधी एक-दोन महिने भिंतीला द्यावेत, असे मी सुचवीन.