‘अंकल, चिप उड़ गई’ ऐकलं की आधी पंखा उघडायला लावा

लॅपटॉप तापतो आणि काम चालू असताना अचानक बंद पडतो, एवढ्यावरून ‘चिप गेली, बोर्ड गेला’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. माझ्या सासऱ्यांकडून इंदूरच्या एका दुकानदाराने असेच साडेसात हजार उकळले.

मे महिना, रामबागेतलं वरच्या मजल्यावरचं घर, बाहेर पारा चाळिशीच्या पुढे. नाना, म्हणजे माझे सासरे, गणेशोत्सव मंडळाचे हिशेब लॅपटॉपवर करतात, तोही गादीवर ठेवून. खालून हवा ओढणारी जाळी त्यामुळे झाकली जाते. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोचला की जळू नये म्हणून मशीन आपणहून बंद होतं. दुकानदाराने नुसता हात लावून निदान केलं, “अंकल, ग्राफिक चिप उड़ गई.” पक्कं बिल नाही, हातात कच्ची पर्ची.

आणल्यावर दुपार झाली की रडगाणं तेच. शेवटी धाकट्या दिराने मागचं झाकण काढलं. पंखा आणि गरम हवा बाहेर टाकणारी पाती यांच्यामध्ये धुळीचा जाड नमदा बसला होता. हीटसिंक, म्हणजे चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग, काढल्यावर थर्मल पेस्ट दिसली, वाळून भुगा झालेली. चिपची उष्णता हीटसिंककडे नेते ती हीच पेस्ट. आता गंमत बघा, चिप या हीटसिंकच्या खालीच असते. ती बदलायची तर हीटसिंक काढावा लागतो आणि परत बसवताना पेस्ट नवी लावावी लागते. म्हणजे त्याने तिथे हातच लावला नव्हता. मग झाकण उघडलं कशासाठी? आठ जीबीच्या रॅमच्या जागी चार जीबीची निघाली, तेव्हा उलगडा झाला.

दिराने ब्रशने धूळ काढली. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवलं, नाहीतर ते भरमसाट फिरून खराब होतं. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी लावली. खर्च काही शे रुपये. नव्वदीत असणारं तापमान त्याच कामाला सत्तरच्या आत आलं.

दुकानात जाब विचारला तर उलट आम्हालाच, “बिल है क्या?” राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 नंबर लावतो म्हटल्यावर “गलती से बदल गई होगी” करत रॅम परत आली. पैसे मात्र गेले ते गेलेच. पक्कं बिल असतं तर जिल्हा ग्राहक आयोगात आमची बाजू भक्कम झाली असती. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फीसुद्धा लागत नाही.

मशीन दुकानात टाकण्याआधी टास्क मॅनेजरमध्ये रॅम आणि डिस्क किती दिसते त्याचा फोटो काढा. पार्ट बदलला म्हणाले तर जुना मागून घ्या. आणि टचपॅड वर उचललेला किंवा खालचं झाकण फुगलेलं दिसलं, तर साफसफाईच्या भानगडीत न पडता चार्जर काढून मशीन बंद करा. तिथे बॅटरी फुगलेली असू शकते, ती घरी उघडू नका.