पेनच्या लेबलखाली दुसरं लेबल निघालं

ग्लुकोमीटरवर ४६ आकडा दिसला तेव्हा मला वाटलं, पट्टी खराब आहे. मी टाइप २ मधुमेहाची पेशंट. आठ वर्षं माझी तक्रार साखर जास्त असण्याची. कमी साखर म्हणजे काय ते मी फक्त पत्रकात वाचलेलं. दुसरी पट्टी लावायला गेले तर हात इतके थरथरत होते की रक्ताचा थेंब पट्टीच्या टोकाला नीट लागेना. मान आणि पाठ घामाने भिजलेली. मुलगी समोर उभी राहून काहीतरी विचारत होती, तिचे ओठ हलताना दिसत होते, पण शब्द जुळत नव्हते. तिने साखरेचं पाणी करून पाजलं. पंधरा मिनिटांनी ६८. हुश्श केलं. तासाभरात पुन्हा ५१. मग मात्र तिने मला उचलून हॉस्पिटलात नेलं.

हे कसं घडलं ते सगळं लिहिते आहे, माझ्या मूर्खपणासकट.

माझ्या डॉक्टरांनी मला रीतसर सेमाग्लुटाइड सुरू केलं होतं. आठवड्यातून एकदा पोटावर घ्यायचं इंजेक्शन, लिहायच्या पेनासारख्या दिसणाऱ्या साधनातून; त्यालाच सगळे पेन म्हणतात. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी, ८.१ होतं, मेटफॉर्मिनची गोळी पुरत नव्हती, वजनही वाढलेलं. सुरू करण्याआधी त्यांनी मला प्रश्नांनी भंडावून सोडलं. घरात कुणाला थायरॉइडचा कॅन्सर? कधी स्वादुपिंडाला सूज? पित्ताचे खडे? डोळ्यांचा पडदा शेवटचा कधी तपासला? त्या दिवशी मला वैतागच आला होता, औषध द्यायचं तर द्या ना. पहिले चार आठवडे ०.२५ मिलिग्रॅम, मग ०.५. मी म्हटलं, लवकर वाढवता नाही येणार का? ते म्हणाले, "पोटाला सवय होऊ दे. उलट्या करत इथे येऊ नका."

औषध लागू पडलं. मळमळ व्हायची, पण चार किलो उतरले आणि उपाशीपोटीची साखर १२० च्या आसपास आली. मग दुकानात पेन मिळेना. त्या काळात हे औषध जगभरच कमी पडत होतं. ओझेम्पिक, म्हणजे याच सेमाग्लुटाइडचं एक ब्रँड नाव, २०१७ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं ते मधुमेहासाठी, पण वजन उतरतं हे कळल्यावर ज्यांना मधुमेह नाही तेही रांगेत आले. डॉक्टर म्हणाले, थांबा, तोवर दुसरी गोळी देतो; खंड पडलाच तर पुन्हा खालच्या डोसपासून सुरू करू.

मी थांबले नाही. खरं सांगायचं तर साखरेची काळजी मला नव्हतीच. ते चार किलो परत येतील याची भीती होती. भूक परत आली होती, आणि ती ओळखीची भूक किती नकोशी असते हे ज्याचं त्यालाच ठाऊक.

वजन उतरवणाऱ्या बायकांचा एक ग्रुप होता, तिथे एकीने नंबर दिला. डीपीवर पांढरा कोट घातलेली बाई. मी विचारलं, प्रिस्क्रिप्शन पाठवू का? उत्तर आलं, "गरज नाही ताई, आपण घरचेच." मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! कुठला डोस चालू आहे, बाकी औषधं कुठली, काही त्रास आहे का, काही म्हणजे काही विचारलं नाही. विचारला तो फक्त पत्ता. पैसे एका माणसाच्या वैयक्तिक खात्यावर पाठवायचे होते. बिल मागितलं तर "पार्सलमध्ये असेल". पार्सलमध्ये अर्थातच नव्हतं.

पेन आलं तेव्हा आतली बर्फाची पिशवी केव्हाच वितळून कोमट झाली होती. न उघडलेलं पेन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं, हे मला माहीत होतं. तशी मी तक्रारही केली. "प्रवासात काही होत नाही ताई." आपल्याला जे ऐकायचं असतं ते कुणी सांगितलं की विषय संपतो.

पहिल्या पेनने काहीच झालं नाही. मळमळ नाही, भूक जशीच्या तशी, आणि साखर हळूहळू चढत १९० वर. खरं तर इथेच मला कळायला हवं होतं. पण या लोकांचं कसब बघा: मी औषध चालत नाही म्हणून भांडायला गेले, तर त्यांनी तीच तक्रार विक्रीला लावली. "शरीराला सवय झाली ताई. आता स्ट्राँगवालं घ्या, नवीन मॉडेल आलंय." पेनमध्ये बहुधा नुसतं पाणी होतं, आणि ते निकामी निघाल्यावर मी स्वतःहून दुसऱ्याचे पैसे पाठवले.

दुसरं पेन निळसर होतं. दुकानातून घेतलेल्या पेनचं बटण फिरवलं की खिडकीत मिलिग्रॅमचा आकडा दिसायचा आणि बटण जागेवरच राहायचं. याचं बटण फिरवलं तशी आकड्यांची दांडी पेनमधून बाहेर येऊ लागली. २, ४, ६, ८... मी फोटो पाठवून विचारलं, मिलिग्रॅम कुठे आहेत? "२० पर्यंत फिरवा, नवीन मॉडेलमध्ये असंच असतं." मी २० पर्यंत फिरवलं, पोटाची चिमटी घेतली आणि टोचलं.

हॉस्पिटलात सलाइनमधून ग्लुकोज चढवलं तरी साखर पुन्हा पुन्हा उतरत होती. ड्यूटीवरच्या तरुण लेडी डॉक्टरने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, नुसत्या मेटफॉर्मिनबरोबर सेमाग्लुटाइडने साखर इतकी पडणं फारच विरळ. जेवल्यावर आपल्या आतड्यातून जीएलपी-१ नावाचं संप्रेरक सुटतं, हे औषध त्याची नक्कल करतं. साखर वाढलेली असेल तेव्हाच ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला सांगतं. साखर खाली आली की ते सांगणं थांबतं. "तुमच्या पेनमध्ये ते नाहीये," ती म्हणाली. साखर परत घसरली त्या क्षणी तिने रक्त काढलं आणि दोन गोष्टी तपासायला पाठवल्या, इन्सुलिन आणि सी-पेप्टाइड. आपलं शरीर इन्सुलिन बनवतं तेव्हा त्यासोबत सी-पेप्टाइडही तयार होतं. बाहेरून टोचलेल्या इन्सुलिनमध्ये ते नसतं. माझ्या रिपोर्टमध्ये इन्सुलिन भरपूर आणि सी-पेप्टाइड अगदी खाली.

माझ्या मुलीने घरून पेन आणलं. लेबलची एक कड जरा उचललेली होती, तिने नखाने खरवडली. वरचा कागद सुटत गेला आणि खाली दुसरं लेबल निघालं. त्यावर इन्सुलिनचं नाव होतं. मुदतीची तारीख खोडलेली. मी २० मिलिग्रॅम की काय समजत होते ते २० युनिट इन्सुलिन होतं, आणि त्या दिवशी मी वजनासाठी दुपारचं जेवणही टाळलं होतं.

घरी आल्यावर वाचायला बसले, आणि जास्त राग आला तो स्वतःचा. इशारे देऊन झाले होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये ऑस्ट्रियात बनावट ओझेम्पिकचा संशय असलेली पेनं वापरून लोक साखर पडून, झटके येऊन हॉस्पिटलात गेले होते. त्यातही इन्सुलिनच असावं असा तिथल्या औषध नियंत्रकांचा अंदाज होता. जून २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ब्राझील, ब्रिटन आणि अमेरिकेत सापडलेल्या बनावट पेनांबद्दल जगभर सूचना काढली. डोस लावताना मोजपट्टी बाहेर येणारं पेन संशयास्पद समजा, हेही त्यात होतं. माझ्या हातातली दांडी अक्षरशः तीच.

पेनच नव्हे, कुपीतलं औषध विकणारेही आहेत. कुपीवर बारीक अक्षरांत 'फक्त संशोधनासाठी' लिहिलेलं असतं, आणि सोबत इन्सुलिनची सिरिंज देतात. तिच्यावर खुणा युनिटच्या, डोस सांगायचा मिलिग्रॅममध्ये, हिशोब तुमचा तुम्ही करा. फार्मसीने बनवून दिलेल्या कुपीतून घेतानाही याच गोंधळात लोकांनी ठरल्याच्या पाचपासून वीसपट डोस घेतल्याचं अमेरिकेच्या औषध नियंत्रक एफडीएने २०२४ मध्येच सांगितलं आहे. ग्रुपमध्ये आणखी एक जण 'सेमाग्लुटाइडचे थेंब' विकत होता. त्याच्याकडून मी घेतलं नाही एवढाच माझा शहाणपणा.

एक गोष्ट मला त्या घाईत कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं. सेमाग्लुटाइड शरीरात निम्मं व्हायलाच साधारण आठवडा लागतो. म्हणजे एखादा डोस चुकला म्हणून आभाळ कोसळत नाही. आणि खऱ्या औषधाने उतरलेलं वजनही औषध सोडल्यावर बरंचसं परत येतं, वजनासाठीच्या २.४ मिलिग्रॅम डोसच्या मोठ्या चाचणीत उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश वर्षभरात परत आलं होतं. ज्या चार किलोंसाठी मी ४६ पर्यंत पोचले, ते तसेही माझ्या एकटीच्या हट्टाने टिकणारे नव्हते.

पेन, खोका, पैसे पाठवल्याची नोंद आणि सगळे मेसेज औषध प्रशासनाकडे दिले, पोलिसांतही तक्रार केली. पोचपावती आहे, पैसे नाहीत. तो नंबर त्याच संध्याकाळी बंद झाला. पेन रागाने फेकून द्यायच्या बेतात होते, मुलीने अडवलं म्हणून पुरावा उरला.

डॉक्टरांनी ओरडायचं तेवढं ओरडून घेतलं. महिन्याभराने दुकानात पेन आलं, पुन्हा ०.२५ पासून सुरुवात. आणि पुन्हा तेच प्रश्न: थायरॉइड, स्वादुपिंड, पित्त, डोळे. या वेळी मी डोळ्यांचा रिपोर्ट आधीच सोबत नेला होता.

ग्रुपमधल्या ज्या तिघींनी त्याच नंबरवरून घेतलं होतं, त्यांना मी लेबलचा फोटो पाठवला. दोघींनी पेनं बाजूला ठेवली. तिसरीचं उत्तर आलं, "मला तर फरक पडतोय हं." बॅच नंबर तरी सांग म्हणून मी दोनदा विचारलं. तिने मला ब्लॉक केलं.