अ‍ॅप मारायचं, झोपवायचं की काढून टाकायचं? बॅटरी वाचवण्याच्या पाच वाटा

फोन हातात घ्यायचा, उघडलेल्या अ‍ॅप्सची रांग समोर आणायची आणि एकेक वर भिरकावत सुटायचं. अंगण झाडून काढल्यासारखं समाधान मिळतं. मीही हे वर्षानुवर्षं केलं, अगदी इमानेइतबारे, आणि फोन तरीही संध्याकाळपर्यंत धापा टाकायचा.

बॅकग्राउंडमध्ये, म्हणजे स्क्रीनवर नसताना मागच्या मागे, चालणारी अ‍ॅप्स आवरायचे सरळ पाच मार्ग आहेत. रांगेतून स्वाइप करणं, ‘क्लीनर’ किंवा ‘बूस्टर’ नावाची अ‍ॅप्स वापरणं, बॅटरी सेव्हर चालू करणं, एकेका अ‍ॅपवर बंधन घालणं आणि अ‍ॅप काढून टाकणं. वरवर पाहता सगळ्यांचा हेतू एकच, पण परिणामात मोठी तफावत आहे. एक मार्ग तर उलटाच पडतो.

आधी चोर कोण ते बघा

कुठलाही उपाय निवडण्याआधी सेटिंग्जमधलं बॅटरीचं पान उघडा. माझ्या बाबतीत झालं ते असं: रात्री साडेअकराला ८४ टक्के होते, सकाळी साडेसहाला ६१. फोन रात्रभर उशाशी पालथा पडलेला, स्क्रीन जेमतेम चार मिनिटं चालू. मग तेवीस टक्के कुणी खाल्ले? यादीत सगळ्यात वर एक खरेदीचं अ‍ॅप होतं. स्क्रीनवर शून्य मिनिटं, बॅकग्राउंडमध्ये पाच तासांहून जास्त. कधीतरी सवलतीच्या मोहात पडून टाकलेलं, आणि टाकताना लोकेशनला ‘नेहमी’ अशी परवानगी देऊन बसलेलो.

या पानावर दोन आकडे वेगवेगळे वाचायचे: स्क्रीनवरचा वेळ आणि बॅकग्राउंडचा वेळ. व्हिडिओचं अ‍ॅप वर दिसलं आणि तुम्ही दोन तास व्हिडिओ पाहिले असतील, तर त्यात चोरी कसली? पाहिलं नाही तरी वर दिसतंय, तर पकडा. शिवाय आयफोनवर अ‍ॅपपुढे लिहिलेली टक्केवारी म्हणजे त्या काळात जेवढी बॅटरी खर्च झाली तिच्यातला वाटा. अख्ख्या दिवसात फोन दहाच टक्के उतरला असेल, तर ‘४० टक्के’ खाणाऱ्या अ‍ॅपने प्रत्यक्षात चारच टक्के खाल्लेत. घाबरून जाऊ नका.

स्वाइप: समाधान मोठं, बचत नाही

रांगेत दिसणारी कार्डं म्हणजे बहुतेकदा नुसती चित्रं असतात. त्यामागचं अ‍ॅप एकतर रॅममध्ये, म्हणजे फोनच्या तात्पुरत्या स्मृतीत, निपचित पडलेलं असतं किंवा फोनने कधीच बंद केलेलं असतं. रॅम भरलेली असो की रिकामी, तिला वीज जवळपास तेवढीच लागते. त्यामुळे ती रिकामी करून बॅटरी वाचत नाही. अँड्रॉइड १४ पासून तर अशा निपचित अ‍ॅप्सना थोड्याच वेळात गोठवून टाकतात, म्हणजे त्यांना प्रोसेसरचा वेळच दिला जात नाही. तुम्ही मात्र ते भिरकावलं आणि दहा मिनिटांनी पुन्हा उघडलं, तर सगळं पहिल्यापासून रॅममध्ये चढवावं लागतं. खर्च होतो तो तिथे.

२०१६ मध्ये हा प्रश्न थेट वरपर्यंत गेला होता. अ‍ॅपलचे क्रेग फेडरिगी आणि तेव्हा अँड्रॉइडची धुरा सांभाळणारे हिरोशी लॉकहायमर या दोघांनीही, अ‍ॅप्स अशी बंद करून बॅटरीला फायदा होत नाही, असंच सांगितलं. एरवी एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या दोन कंपन्यांचं एका गोष्टीवर एकमत झालंय, तर ते ऐकलेलं बरं.

आयफोनवर एक मेख आहे. तिथे वर भिरकावलेलं अ‍ॅप तुम्ही पुन्हा उघडेपर्यंत बॅकग्राउंडमध्ये स्वतःला ताजं करत नाही. म्हणजे थोडी वीज वाचूही शकते, पण तुम्ही ते दिवसातून पाच वेळा उघडणार असाल तर पाचही वेळा पहिल्यापासून सुरुवात. स्वाइपचा खरा उपयोग अडकलेल्या अ‍ॅपसाठी. घरी पोचलात तरी नकाशा ‘उजवीकडे वळा’ म्हणत राहिला, तर खुशाल भिरकावा.

बूस्टर अ‍ॅप्स: नको

इथे फार वेळ घालवत नाही. हे अ‍ॅप दुसऱ्या अ‍ॅप्सना मारतं, ती ठरल्या वेळी पुन्हा उठतात, हे पुन्हा मारतं. या झटापटीची वीज तुमच्याच बॅटरीतून जाते. वर हे महाशय स्वतः चोवीस तास जागे, आणि जाहिराती दाखवतात त्या वेगळ्या. अँड्रॉइड १४ ने तर त्यांच्या हातातलं हत्यारच काढून घेतलं: साधं अ‍ॅप आता बॅकग्राउंडमधल्या फक्त स्वतःच्याच प्रक्रिया बंद करू शकतं, दुसऱ्यांच्या नाही. तरी ‘१२ अ‍ॅप्स बंद केली’ असं हिरव्या अक्षरांत झळकत असेल, तर त्याकडे करमणूक म्हणून पाहावं. आयफोनवर एका अ‍ॅपला दुसऱ्याला हात लावायची सोय आधीपासूनच नाही.

बॅटरी सेव्हर: सरसकट संचारबंदी

हा मार्ग प्रामाणिक आहे, फक्त बोथट आहे. अँड्रॉइडवर बॅटरी सेव्हर लावलं की सगळ्याच अ‍ॅप्सच्या बॅकग्राउंड कामांना लगाम बसतो. स्क्रीन बंद असताना लोकेशनही थांबू शकतं. आयफोनवर लो पॉवर मोड २०१५ मध्ये आयओएस ९ बरोबर आला. तो मेल आपोआप आणणं, बॅकग्राउंड रिफ्रेश (मागच्या मागे मजकूर ताजा करणं) आणि आपोआप होणारे डाउनलोड थांबवतो, आणि स्क्रीन ३० सेकंदांत बंद करतो. बॅटरी चार्ज होऊन ८० टक्क्यांवर गेली की तो आपणहून बंद होतो.

दिवसभर बाहेर राहायचंय, चार्जर घरी राहिलाय, अशा दिवशी याला तोड नाही: एक बटण, विचार शून्य. कायम चालू ठेवलं तरी फोनला अपाय होत नाही. पण मेल उशिरा येतात, फोटोंचा बॅकअप रखडतो, आणि मुख्य म्हणजे एका चोरासाठी अख्ख्या गावाला कोंडून ठेवल्यासारखं होतं.

एकेका अ‍ॅपवर बंधन: माझं मत याला

अँड्रॉइडवर अ‍ॅपच्या माहितीच्या पानावर ‘बॅटरी’ उघडलं की साधारण तीन पर्याय दिसतात: अनरिस्ट्रिक्टेड, ऑप्टिमाइझ्ड आणि रिस्ट्रिक्टेड. म्हणजे मोकाट, लगामात आणि बांधलेलं. बहुतेक अ‍ॅप्स मुळात मधल्यावर असतात, आणि मधला पर्याय दिसतो त्यापेक्षा बराच कडक आहे.

२०१५ च्या अँड्रॉइड ६ मध्ये डोझ आलं. फोन चार्जिंगला नाही, स्क्रीन बंद आहे, फोन हलतही नाही, असं काही काळ राहिलं की अ‍ॅप्सचं नेटवर्क तोडलं जातं आणि त्यांची कामं साठवून अधूनमधून एकदम उरकली जातात. कामं उरकायच्या या वेळाही हळूहळू विरळ होत जातात. मग २०१८ च्या अँड्रॉइड ९ ने अ‍ॅप्सची वापरानुसार वर्गवारी सुरू केली. रोजचं अ‍ॅप वरच्या कप्प्यात, क्वचित उघडलं जाणारं खालच्या, आणि जितकं खाली तितकी मुभा कमी. म्हणून सत्तर अ‍ॅप्स उघडून सत्तर वेळा ‘रिस्ट्रिक्टेड’ करत बसायची गरज नाही. बॅटरीच्या यादीतून डोकं वर काढणारी तीन-चार पुरेत.

कुठली बांधायची ते ठरवताना स्वतःला एवढंच विचारा: हे झोपलं तर माझं काय अडेल? खरेदी, गेम, बातम्या, फोटोंवर रंग चढवणारी अ‍ॅप्स यांचं काही अडत नाही. उघडली की चालतात. पण हा प्रश्न न विचारता मी एकदा आईचा फोन ‘हलका’ करायला घेतला. उत्साहाच्या भरात औषधाची आठवण देणारं अ‍ॅपही बांधून ठेवलं. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, “तुझा तो फोन हल्ली मला गोळीची आठवणच करत नाही रे.” मी शरमेने ते अ‍ॅप मोकाट सोडलं. गजर, औषधं, पावलं मोजणारं घड्याळ, साखर मोजणारा सेन्सर, घराच्या दाराचा कॅमेरा यांच्या वाटेला जाऊ नका.

मेसेजिंगचं अ‍ॅप बांधावंसं अनेकांना वाटतं. माझ्या मते घाट्याचा सौदा. निरोप आलाय का हे बघायला प्रत्येक अ‍ॅपने वेगळी धाव घ्यायची नसते. नोटिफिकेशनसाठी फोन एकच सामाईक जोडणी उघडी ठेवतो आणि निरोप आला की त्या अ‍ॅपला उठवतो. म्हणून ते बांधून बचत थोडी, आणि निरोप मात्र तासाभराने एकगठ्ठा पडायची शक्यता.

काही कंपन्या अँड्रॉइडवर स्वतःचा आणखी एक थर चढवतात. सॅमसंगमध्ये ‘स्लीपिंग’ आणि ‘डीप स्लीपिंग’ अशा याद्या आहेत. डीपमधलं अ‍ॅप तुम्ही उघडेपर्यंत बॅकग्राउंडमध्ये चालतच नाही. शाओमीच्या फोनमध्ये ‘ऑटोस्टार्ट’चं बटण वेगळं असतं. नोटिफिकेशन गायब होत असतील तर अँड्रॉइडच्या सेटिंगइतकाच संशय या थरावर घ्या.

फोर्स स्टॉप हा याच पानावरचा कठोर भाऊ. त्याने अ‍ॅप पूर्ण थांबतं, गजर आणि नोटिफिकेशनसकट, पण तुम्ही ते पुन्हा उघडेपर्यंतच. अचानक वेड्यासारखं वागणाऱ्या अ‍ॅपला एकदा थप्पड म्हणून ठीक, रोजची व्यवस्था म्हणून नाही.

आयफोनवर याच्या जागी ‘बॅकग्राउंड अ‍ॅप रिफ्रेश’ आहे, २०१३ च्या आयओएस ७ पासून. सरसकट बंद करता येतं किंवा अ‍ॅपगणिक. गैरसमज एवढाच, की ते बंद केलं की नोटिफिकेशन थांबतील. दिसणारी नोटिफिकेशन येत राहतात, गाणी वाजत राहतात, नकाशा रस्ता दाखवत राहतो. फक्त अ‍ॅप उघडल्यावर आतला मजकूर ताजा व्हायला क्षणभर लागतो. हा सौदा मला फार स्वस्त वाटतो.

तिथेच ‘फक्त वाय-फाय’ असाही पर्याय आहे, आणि त्याकडे सहसा कुणी बघत नाही. मोबाइल डेटावर चिमूटभर माहिती पाठवली तरी फोनचा रेडिओ लगेच झोपत नाही, पुढचे काही सेकंद जागाच राहतो. दर थोड्या वेळाने चिमूट-चिमूट पाठवणारं अ‍ॅप म्हणजे डुलकी लागली की दार वाजवणारा पाहुणा. सिग्नल कमजोर असेल तर रेडिओला जोर आणखी लावावा लागतो. अँड्रॉइडवर अ‍ॅपच्या डेटाच्या पानावर ‘बॅकग्राउंड डेटा’ बंद केलात की हेच साधतं: मोबाइल डेटावर ते अ‍ॅप बॅकग्राउंडमध्ये गप्प, वाय-फायवर चालू.

आणि लोकेशन. ‘नेहमी’ अशी परवानगी असलेली अ‍ॅप्स शोधून ‘वापरत असतानाच’ करा. अँड्रॉइडवर हा पर्याय २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून आहे, आयफोनवर त्याच्याही आधीपासून. माझ्या त्या खरेदीच्या अ‍ॅपला एवढ्यानेच निम्मी वेसण बसली.

काढून टाकणं

उरलेली निम्मी बसली ती बांधल्यावर. पुढे महिनाभर मी ते अ‍ॅप एकदाही उघडलं नाही, तेव्हा कळलं की बांधायचीही गरज नव्हती. महिन्यातून एकदा लागणारी बरीचशी कामं ब्राउझरमध्ये होतात, आणि वेबसाइट बंद केली की ती रात्री उठून बसत नाही. फोनबरोबरच आलेली, काढता न येणारी अ‍ॅप्स अँड्रॉइडवर बहुतेकदा ‘डिसेबल’ करता येतात. नावावरून कळत नसलेल्या सिस्टिमच्या अ‍ॅप्सना मात्र हात लावू नका. अँड्रॉइड १२ पासून काही महिने न उघडलेल्या अ‍ॅपला फोन स्वतःच शीतनिद्रेत पाठवतो आणि त्याच्या परवानग्याही काढून घेतो, तेवढी काळजी कमी.

मग तुम्ही काय निवडाल?

सेटिंग्जमध्ये शिरायचा कंटाळा असेल, तर बॅटरी सेव्हर ठरावीक टक्क्यांवर आपोआप लागेल असं ठेवा आणि सोडून द्या. दहा मिनिटं द्यायची तयारी असेल, तर यादीतल्या वरच्या तीन-चार संशयितांवर बंधन आणि लोकेशनची झाडाझडती. आई-वडिलांचा फोन असेल, तर बंधनापेक्षा नको ती अ‍ॅप्स काढणं बरं, कारण ती मागाहून गुपचूप काही बिघडवत नाहीत. आयफोनवाल्यांनी रिफ्रेश ‘फक्त वाय-फाय’वर ठेवून बघावं.

हे सगळं करूनही बॅकग्राउंडची यादी स्वच्छ दिसत असेल आणि फोन तरीही बसत असेल, तर दोष अ‍ॅप्सचा नाही. स्क्रीनचा उजेड बघा, सिग्नल बघा, बॅटरीचं वय बघा. आयफोन १४ पर्यंतच्या बॅटऱ्या ५०० पूर्ण चार्जनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के टिकतील अशा बेताने बनवलेल्या असतात, आयफोन १५ पासून हा आकडा १००० चार्जचा आहे. थकलेल्या बॅटरीला अ‍ॅप झोपवून तरतरी येत नाही.

फरक मोजायचा असेल तर दिवसाचा आकडा धरू नका. दिवसा आपणच फोन कमी-जास्त वापरतो. झोपताना आणि उठताना टक्के लिहून ठेवा, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दोन-तीन रात्री बघा. माझ्याकडे त्या तेवीस टक्क्यांच्या जागी आता रात्रीतून चार-पाच जातात. फोन तोच, उशीही तीच.