जुन्या गाडीच्या फ्लोअरवर काय घालावं: नमदा की ब्युटिल-फोम?

जुनी गाडी आतून शांत करायची म्हटलं की फिरून फिरून दोनच पर्याय उरतात. एक, कार्पेटखाली जाड नमदा (दाबून बनवलेला लोकरीसारखा जाड थर), मूळ गाडीत असायचा तसा. दुसरा, पत्र्याला ब्युटिल शीटचे (जड, चिकट रबरी शीटचे) तुकडे आणि वर क्लोज्ड सेल फोम, म्हणजे बंद बुडबुड्यांचा फोम. मी एकाच गाडीत आधी पहिला केला, मग दुसरा.

आवाजाच्या बाबतीत नमद्याला नावं ठेवायला जागा नाही. गिअरबॉक्सची शीळ, टायरची सळसळ तो छान पिऊन टाकतो, पायाखाली मऊ लागतो, आणि गाडी मूळ रूपात ठेवणाऱ्यांना तोच हवा असतो. ब्युटिलचं काम वेगळं. ते आवाज शोषत नाही, पत्र्याची थरथर मारतं. उघड्या पत्र्यावर टिचकी मारा, रिकाम्या डब्यासारखा वाजेल. मधोमध तळहाताएवढा तुकडा रोलरने दाबून बसवला की तोच पत्रा लाकडी फळीसारखा ठप्प बोलतो. त्यासाठी सगळा फ्लोअर मढवावा लागत नाही, सपाट भागाचा पाव हिस्सा झाकला तरी बरंचसं काम होतं. इंजिनाचा घुमणारा आवाज मात्र ना फोमने अडतो ना ब्युटिलने. त्याला जड व्हिनाइल लागतं, चौरस मीटरला साधारण 5 किलोचं. मी ते फक्त फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला लावलं, आणि त्याआधी वायरींच्या भोकांतले फाटके ग्रोमेट (रबरी कडी) बदलले. खरं सांगायचं तर, निम्मा आवाज त्या भोकांतूनच येत होता असं मला वाटतं.

एकूण माझ्या कानाला दोन्हींत एकोणीस-वीसचाच फरक. निवड झाली ती वासामुळे.

समोरच्या काचेचं रबर जरासं गळायचं. पाणी डॅशबोर्डमागून उतरून थेट फ्लोअरवर. कार्पेट वरून कोरडं, म्हणून मी निर्धास्त. आठवड्याभराने काचा आतून धुरकट व्हायला लागल्या आणि दार उघडलं की कुबट भपकारा. सीट काढली, कार्पेट उचललं, तर नमदा पिळला असता तर धार लागली असती. दोन दिवस बाहेर टांगला, तरी मधला थर दमटच. ही कवायत एका वर्षात तीनदा झाली. तिसऱ्यांदा पत्र्यावर नमद्याच्या कडेबरहुकूम तपकिरी रेघ उमटली होती.

फोम पाणी पीत नाही. पण तोही अगदी साधा नाही बरं का: खाली शिरलेलं पाणी तो झाकून ठेवतो आणि ते वाळत नाही. म्हणून मी फोम चिकटवलाच नाही, मापात कापून नुसता अंथरला. सगळा फ्लोअर ब्युटिलने मढवणाऱ्यांशी माझं पटत नाही ते इथेच. नीट चिकटलं तर ठीक, पण एखादी कड सुटली तर आतला गंज दिसणार कसा? जुन्या डांबरी शीट ज्यांनी खरवडल्यात त्यांना हे सांगायला नको. वर्षांनुवर्षांनी त्या कडक होऊन तडकतात, आणि खालून पत्रा पोखरलेला निघतो.

माझे तुकडे त्यामुळे फक्त सपाट जागी आहेत. आधी गंज घासून इपॉक्सी प्रायमर, सांध्यांना सीलर, मग ब्युटिल, तेही सांधे आणि निचऱ्याची भोकं सोडून. भोकांची रबरी बुचं हाताने निघाली पाहिजेत.

गाडी कोरड्या गॅरेजात राहत असेल, पावसात निघतच नसेल, किंवा प्रदर्शनात मूळपणाला गुण मिळवायचे असतील, तर नमदा खुशाल घाला. फक्त तोही चिकटवू नका.

माझ्या गाडीचं रबर बदलूनही एका कोपऱ्यातून अजून गळतं. जोराचा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी पायाकडचा फोम उचलतो, फडकं फिरवतो, आणि चहा निवायच्या आत परत अंथरतो.