स्मार्ट बंडी, फोंड्याचा पावसाळा आणि दोन टिचबटणे

हृदयाचे ठोके नोंदवणारी ही बंडी आईसाठी गेल्या हिवाळ्यात घेतली आणि मे महिन्यापर्यंत तिच्याबद्दल माझी काहीही तक्रार नव्हती. चांदीचा मुलामा दिलेल्या नायलॉन धाग्यांचे पट्टे किंचित ओले करून बंडी घातली की आलेख स्वच्छ येतो आणि चिकटपट्ट्या लावाव्या लागत नसल्याने अंगाला खाज सुटत नाही.

फोंड्यात आषाढात कपडे पंख्याखालीच वाळवावे लागतात. नोंदणीयंत्र ज्या दोन टिचबटणांवर बसते, त्यांच्या कडांना हिरवट गंज धरला आणि नोंदी तुटू लागल्या. सेवा केंद्राने ब्लीच वापरल्याचा ठपका ठेवून हमी नाकारली. ब्लीचने चांदीचा मुलामा खराब होतो हे खरे. परंतु आमच्याकडे ते वापरतच नाहीत, शिवाय मुलामा शाबूत होता, गंजली होती ती बटणे. तीही डाव्या काखेखाली, जिथे संधिवाताने आखडलेली आईची बोटे पोहोचतच नाहीत. ‘ग्राहकांचा सहभाग’ म्हणून कंपनीने भरून घेतलेल्या अर्जात रंग कोणता आवडेल हे विचारले होते. बंडी कोण धुते आणि बटणे कोण लावते, हे नाही. लिव्हाइस आणि गूगल यांच्या 2017 च्या ‘जॅकार्ड’ या स्मार्ट जॅकेटलाही सुमारे दहाच धुण्यांची मर्यादा होती. वरून घालायच्या जॅकेटला ते एक वेळ चालेल, घामाने भिजणाऱ्या बंडीला कसे चालावे?

सविस्तर तक्रार पाठवल्यानंतर मात्र माझे मत काहीसे बदलले. कंपनीच्या डिझाइनर मुलीने व्हिडिओ कॉलवर आईला बंडीवरचे यंत्र लावायला आणि काढायला सांगितले आणि मध्ये एक शब्दही न बोलता ती पाहत राहिली. “बाय गे, बटण पुढे आण, नाहीतर पर्सला असते तसे लोहचुंबक लाव,” आई म्हणाली. त्यावर, “आजी, पेसमेकर बसवलेली माणसेही ही बंडी घालतील आणि चुंबक जवळ आले की पेसमेकरचे काम बदलू शकते,” असे तिने समजावले. पुढे आलेल्या नमुन्यात बटणे स्टेनलेस स्टीलची, मोठी आणि छातीच्या पुढच्या बाजूला आहेत, शिवाय ओढून काढण्यासाठी कापडी लूप आहे. आई आता कोणालाही हाक न मारता यंत्र लावते आणि श्रावणातही नोंद तुटलेली नाही.

हीच बंडी आता बाजारात आली असून आम्हाला ती ‘खास सवलतीत’, निम्म्या किमतीला देऊ केली आहे. बटणाची जागा जिने सुचवली, तिनेच त्याचे पैसे का भरावेत, असे मी लेखी विचारले आहे. उत्तराऐवजी, नमुना स्वखर्चाने परत पाठवावा, अशी सूचना आली. कुरिअरचे पैसे मी भरणार नाही.