गुलमर्गचं हॉटेल, राजस्थानचा जीएसटी नंबर आणि माझे १,२२,९६० रुपये

अंबडच्या एका कारखान्यात मी १८ वर्षं अकाउंट्स बघते. रोज पन्नासेक बिलं डोळ्यांखालून जातात. तरीही माझे १,२२,९६० रुपये गेले, आणि ते मी स्वतःच्या हाताने पाठवले. घरचे म्हणतात, कुठे बोलू नकोस, लोक हसतील. हसू देत. नाशिकहून बर्फ बघायला निघालेल्या आणखी एका घराचे पैसे वाचणार असतील तर मला चालेल.

मुलाला स्कीइंग शिकायचं होतं. सासूबाईंना ७१ व्या वर्षी एकदा बर्फ हातात घ्यायचा होता. एकदाच जायचंय तर चांगल्या ठिकाणी राहू, म्हणून गुलमर्गचं एक मोठं हॉटेल ठरवलं. दोन खोल्या, तीन रात्री. हॉटेल खरं आहे. नकाशावर त्याच्या नावाखाली जो मोबाइल नंबर दिसला तो मी लावला, आणि तिथेच घात झाला. तो नंबर त्यांचा नव्हता, कुणीतरी बदलून टाकलेला होता. हॉटेलचा नंबर त्यांच्या स्वतःच्या वेबसाइटवरूनच घ्या, आणि लँडलाइन असेल तर तोच लावा.

मी काही डोळे मिटून पैसे पाठवले नाहीत. चार वेळा बोलले. तो माणूस म्हणाला, "आजींना जिने नकोत, तळमजला देतो. गुलमर्गच्या खाली टंगमर्ग लागतं, त्याच्या पुढे बर्फ असेल तर आमची चाकांना चेन लावलेली गाडी येईल." गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, पहिला टप्पा कोंगडूरीपर्यंत, दुसरा अफरवटपर्यंत, आजींना पहिल्यावरच थांबवा, दुसऱ्यावर हवा विरळ लागते, हेही त्यानेच सांगितलं. इतकं नीट बोलणाऱ्या माणसावर कोण संशय घेईल?

२४,००० रुपये खोली, म्हणजे सहा रूम-नाइट्सचे १,४४,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी २५,९२०. एकूण १,६९,९२०. निम्मे आगाऊ, ८४,९६०. हिशेब पैशापैशाला बरोबर. ७,५०० च्या वरच्या खोलीला १८ टक्के लागतो हे मला माहीत, त्यामुळे उलट माझा विश्वास बसला.

आणि मग व्हाउचर आलं. लोगो, शिक्का, सही, खाली जीएसटी नंबर. तो नंबर ०८ ने सुरू होत होता. ०८ म्हणजे राजस्थान. जम्मू-काश्मीरचा ०१ असतो, आपला २७. कारखान्यात एखाद्या पार्टीचा कोड चुकला तर मी बिल परत पाठवते, मालकांनाही ऐकवते. इथे मला तो ०८ दिसला होता. नजरेआड झाला असता तर मनाला एवढं लागलं नसतं. दिसला, आणि मी म्हटलं, हेड ऑफिस जयपूरला असेल. त्या वेळी रात्रीचे साडेनऊ वाजले होते, कुकरची शिट्टी होत होती आणि तो म्हणत होता, "मॅडम, दोनच खोल्या उरल्यात, दहापर्यंत होल्ड करतो." यूपीआयवर पैसे घेणाऱ्याचं नावही हॉटेलचं नव्हतं, एका माणसाचं होतं. हॉटेलचे पैसे माणसाच्या नावावर जात असतील तर तिथेच थांबा. मी पिन टाकला. १२ जानेवारी.

दोन दिवसांनी परत मिळणारं डिपॉझिट म्हणून २०,००० मागितले. ते सासूबाईंनी त्यांच्या एफडीतून दिले. नंतर रांगेशिवाय गोंडोलाची तिकिटं, चौघांचे १८,०००. गोंडोलाची तिकिटं अधिकृत साइटवर ओळखपत्राच्या नावाने निघतात. कुणी 'व्हीआयपी' म्हणून विकत असेल तर फोन ठेवून द्या.

४ फेब्रुवारीला श्रीनगरला उतरलो. माझं प्रीपेड सिम तिथे चालेना (बाहेरच्या राज्याचं पोस्टपेडच चालतं, हे आधी कुणी सांगत नाही). नवऱ्याच्या फोनवरून टंगमर्गला त्या माणसाला दीड तास फोन लावला. बंद. शेवटी दुसऱ्या गाडीने वर गेलो. रिसेप्शनवरच्या मुलाने स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवली. आमचं नाव नव्हतं. "मॅडम, ये नंबर हमारा नहीं है. इस महीने आप पाँचवीं फैमिली हैं." पाचवं कुटुंब! मग वेबसाइटवर एक ओळ टाकायला काय जातं?

सासूबाई सोफ्याच्या कडेला बसल्या होत्या. भाड्याच्या गमबुटांवरचा बर्फ वितळून गालिच्यावर ओघळत होता आणि त्या वाकून रुमालाने पुसत होत्या. कुणी काही बोलू नये म्हणून. ते मला अजून सहन होत नाही.

तिथल्या चौकीत सांगितलं, पैसे नाशिकहून गेले, तक्रार नाशिकला द्या. नाशिकला आल्यावर पोलीस ठाण्यात म्हणाले, "मॅडम, हॉटेल काश्मीरमध्ये, मग गुन्हा इथला कसा?" मी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगितलं. गुन्हा कुठेही घडला असो, ठाण्याला माहिती नोंदवून घ्यावीच लागते. तर समोरचा म्हणाला, "कायदा आम्हाला शिकवू नका." चार चकरा झाल्या. एकदा बँकेच्या स्टेटमेंटवर शिक्का नाही, एकदा प्रिंट काळीपांढरी, एकदा साहेब कुंभमेळ्याच्या बैठकीला. चारही वेळा अर्धा दिवस रजा टाकली. बँकेने तर एका वाक्यात विषय संपवला: "पिन तुम्हीच टाकलात ना?" हो, मीच टाकला. पण ज्या खात्यात गेले ते खातं कुठल्यातरी बँकेने केवायसी करूनच उघडलंय ना? त्या माणसाला शोधायचं काम माझं आहे का?

पैसे गेल्यावर पहिल्या काही तासांत सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन केला तर रक्कम पुढच्या खात्यात अडवता येते. मला कळलं २३ दिवसांनी. म्हणून सांगते, पैसे भरलेत त्याच दिवशी, त्याच तासात, हॉटेलला वेगळ्या नंबरवर फोन करून बुकिंग विचारा. व्हाउचर फाइलला लावून निवांत बसू नका. मी छान पंच करून लावलं होतं.

नकाशावरचा नंबर चुकीचा आहे अशी तक्रार मी तीनदा टाकली. परवा शेजारणीच्या फोनवरून लावून पाहिला. दुसऱ्या रिंगला उचलला. तोच आवाज. "गुड आफ्टरनून, रिझर्वेशन्स."